हेलियमचे किती अणू पुरे? ओसीएस रेणूच्या अवरक्त वर्णपटाचं एक प्रकरण

मार्च १९९८मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जर्मनीतल्या गटिंगेनहून एक शोधनिबंध आला. ग्रेबेनेव्ह, टोएनीस आणि विलेसोव्ह हे तिघे त्याचे लेखक. द्रव हेलियमच्या अतिसूक्ष्म थेंबात त्यांनी कार्बोनिल सल्फाइडचा, म्हणजे ओसीएसचा, एकच रेणू बसवला आणि त्याचा अवरक्त वर्णपट घेतला. थेंब हेलियम-४चा असला की वर्णपटात एकमेकींपासून सुट्या, टोकदार रेषा दिसत होत्या. थेंब हेलियम-३चा असला की त्याच जागी एक रुंद, बिनरेषांचा उंचवटा उरायचा. मग त्यांनी हेलियम-३च्या थेंबात थोडे थोडे हेलियम-४चे अणू सोडले. साधारण साठ अणू जमले आणि रेषा परत आल्या.

निष्कर्ष धाडसी होता. अतिप्रवाहिता, म्हणजे द्रवाने घर्षणाशिवाय वाहणं, हा अब्जावधी अणूंनी मिळून दाखवायचा गुण मानला जात असे. गटिंगेनच्या गटाचं म्हणणं असं, की तो दाखवायला साठ अणूही पुरतात.

या लेखाचा विषय तो 'साठ' हा आकडा आणि त्याचं पुढच्या आठ वर्षांत काय झालं, हा आहे. दुर्बळ बंधांनी जोडलेल्या रेणूसंकुलांच्या अवरक्त वर्णपटातून काय काय कळू शकतं, हे दाखवणारं याच्याइतकं चांगलं प्रकरण मला दुसरं सापडलेलं नाही. सगळा पुरावा वर्णपटातल्या मोजक्या रेषांचा आहे, त्यामुळे वाचकाला तो स्वतः तपासता येतो.

साक्षीला ओसीएस का?

हेलियमला अवरक्त प्रकाशात स्वतःचा वर्णपट नाही. एकट्या अणूला कंपन नाही, फिरण्याचा वर्णपट नाही, द्विध्रुव (म्हणजे एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण असणं) नाही. हेलियमचा पहिला पत्ता लागला तो सूर्यप्रकाशातल्या एका पिवळ्या रेषेवरून. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला, त्याच वर्षी लॉकियर यांनी इंग्लंडमधून त्या पिवळ्या रेषेचा पाठपुरावा केला. सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर दर वर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो तो याच ग्रहणाच्या आठवणीत. पण ती पिवळी रेषा तापलेल्या, उत्तेजित अणूची. निरपेक्ष शून्याच्या जवळपास गारठलेल्या हेलियमबद्दल अवरक्त प्रकाशाला काही विचारायचं, तर मध्ये दुसरा रेणू घालावाच लागतो.

ओसीएस या कामाला फार सोयीचा. ऑक्सिजन, कार्बन, गंधक असे तीन अणू एका सरळ रेषेत. द्विध्रुव आहे, त्यामुळे सूक्ष्मलहरींतही तो दिसतो. आणि २०६२ सेमी⁻¹च्या आसपास, म्हणजे पाच मायक्रॉनच्या किंचित अलीकडे, त्याचं एक जोरकस कंपन आहे. (सेमी⁻¹ म्हणजे एका सेंटिमीटरात प्रकाशाच्या किती लाटा मावतात तो आकडा; ऊर्जाही याच एककात सांगतात.) रेणू हा प्रकाश शोषतो तेव्हा कंपन बदलतंच, त्याबरोबर त्याचं फिरणंही एका पायरीने वर किंवा खाली जातं. त्यामुळे कंपनाची एकच रेषा न मिळता रेषांची एक माळ मिळते आणि माळेतलं अंतर घूर्णन स्थिरांकाच्या दुप्पट असतं. हा स्थिरांक जडत्वाच्या परिबलाच्या व्यस्त प्रमाणात असतो. फिरणारी वस्तू जड, तर रेषा जवळ जवळ. वस्तू हलकी, तर रेषा लांब लांब.

मोकळ्या ओसीएसचा घूर्णन स्थिरांक ०.२०२९ सेमी⁻¹ आहे. हेलियम-४च्या थेंबात तो ०.०७३२ सेमी⁻¹ निघाला. १६.८६ या अंकाला स्थिरांकाने भागलं की परिबल मिळतं, अणुवस्तुमान गुणिले अँगस्ट्रॉमचा वर्ग या एककात. मोकळ्या रेणूचं ८३, थेंबातल्या रेणूचं २३०. म्हणजे थेंबात रेणू मोकळा तर फिरतोय, पण पावणेतीन पट जड होऊन. वरचे १४७ कुठून आले?

ढोबळ हिशेब करून पाहू. ओसीएसच्या कमरेभोवती, अक्षापासून सुमारे साडेतीन अँगस्ट्रॉमवर, हेलियमच्या अणूंचं एक कडं आहे आणि ते रेणूला घट्ट चिकटून फिरतंय असं धरा. अशा कड्यातला प्रत्येक अणू सरासरीने ४ × ३.५² ÷ २, म्हणजे साडेचोवीस एकक भर घालतो. १४७ भागिले साडेचोवीस, उत्तर सहा. हजारो अणूंचा थेंब सभोवती असूनही रेणूबरोबर ओढलं जाणारं ओझं जेमतेम सहा अणूंच्या कड्याएवढं. बाकीचा थेंब जणू तिथे नाहीच. मूळ कोडं ते हेच.

दोन हेलियम, दोन स्वभाव

हेलियम-४ आणि हेलियम-३ रासायनिकदृष्ट्या सारखेच. ओसीएसशी दोघांचं आकर्षणही सारखंच. फरक एका न्यूट्रॉनचा, पण त्यामुळे हेलियम-४चा अणू बोसॉन ठरतो आणि हेलियम-३चा फर्मिऑन. बोसॉन आपापसात जागा बदलून एका सामायिक अवस्थेत जाऊ शकतात, फर्मिऑनना ती मुभा नाही. द्रव हेलियम-४ हा २.१७ केल्विनच्या खाली अतिप्रवाही होतो. मॉस्कोत कापित्सा यांनी आणि केंब्रिजमध्ये ॲलन आणि मिसेनर यांनी लावलेला हा शोध १९३८मध्ये प्रसिद्ध झाला. हेलियम-३ अतिप्रवाही होण्यासाठी तापमान केल्विनच्या काही हजाराव्या भागापर्यंत उतरवावं लागतं. गटिंगेनच्या प्रयोगात हेलियम-४चे थेंब ०.३७ केल्विनला होते आणि हेलियम-३चे ०.१५ केल्विनला. म्हणजे हेलियम-३ जास्त थंड असूनही साधाच द्रव, आणि हेलियम-४ अतिप्रवाहितेच्या हद्दीत खोलवर. तुलना चोख होती.

या निबंधाच्या शीर्षकात आंद्रोनिकाश्विली यांचं नाव होतं. तिबिलिसीतल्या या शास्त्रज्ञाने १९४६मध्ये चकत्यांची एक चळत तारेला टांगून द्रव हेलियममध्ये मागेपुढे पीळ घेत झुलवली. ताकात रवी फिरवली की रवीलगतचं ताक तिच्याबरोबर ओढलं जातं, तसा चकत्यांमधला साधा द्रव चकत्यांबरोबर ओढला जातो आणि चळत जड भासते. २.१७ केल्विनच्या खाली तापमान जसजसं उतरत गेलं तसतशी चळत हलकी होत गेली, कारण ओढला जाणारा भाग कमी होत गेला. गटिंगेनमध्ये चकत्यांच्या जागी एकच रेणू होता आणि झोक्याचा कालावधी मोजण्याच्या जागी रेषांमधलं अंतर.

मोजणीची युक्तीही सांगण्याजोगी आहे. रेणूने २०६२ सेमी⁻¹चा प्रकाशकण शोषला की ती ऊर्जा शेवटी थेंबात उतरते. हेलियमचा एक अणू थेंबातून उडून जाताना सुमारे पाच सेमी⁻¹ ऊर्जा नेतो. म्हणजे एका प्रकाशकणामागे चारएकशे अणू उडतात आणि थेंब लहान होतो. लेसरची वारंवारता बदलत जायची आणि थेंबांचा झोत कधी रोडावतो ते वस्तुमानमापकावर पाहायचं. शोषण थेट न मोजता त्याचा परिणाम मोजायचा.

आकड्याबद्दलच्या शंका

हा प्रयोग मला अजूनही त्या दशकातला एक फार सुंदर प्रयोग वाटतो. पण साठ हा आकडा काय सांगतो, हे नीट पाहायला हवं. प्रत्येक थेंबात नेमके किती हेलियम-४ अणू शिरले हे मोजता येत नाही, सरासरीच कळते. कुठे पन्नास असतील, कुठे सत्तर. शिवाय ते साठ अणू हेलियम-३च्या मोठ्या थेंबाच्या पोटात आहेत. हेलियम-४चा अणू जड, त्यामुळे तो कमी थरथरतो आणि ओसीएसजवळ जास्त घट्ट बसतो. साठ अणूंनी रेणूभोवती जवळपास दोन थर होतात आणि त्यांच्या बाहेर हेलियम-३ राहतं. तेव्हा साठ हा अतिप्रवाहिता सुरू व्हायला लागणारा आकडा, की बाहेरच्या हेलियम-३पासून रेणूला वाचवायला लागणारी जाडी? माझ्या मते प्रयोगातून सिद्ध झालं ते दुसरं. पहिल्याबद्दल फक्त वरची मर्यादा मिळाली.

पावणेतीन पटींचा अर्थही वादात होता. बर्कलीत बिर्गिटा व्हेली आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की रेणूलगतच्या पहिल्या थरातला काही भाग अतिप्रवाही नसतो आणि तोच रेणूबरोबर फिरतो. प्रिन्स्टनमध्ये कॅलेगारी, लेमन, स्कोल्स यांचा गट म्हणत होता, की सगळं हेलियम अतिप्रवाही धरलं तरी फिरत्या रेणूला वाट देताना त्याला बाजूला सरकावं लागतं, त्या प्रवाहाचीच ऊर्जा रेणूला जड करते. दोन्ही मांडण्यांतून येणारे आकडे ओसीएससाठी मोजमापाच्या जवळ जात होते. हजारो अणूंच्या थेंबाकडे पाहून निवाडा करणं अवघड होतं, कारण थेंबाची गोष्ट कळते ती तो पूर्ण भरल्यावरची. मधली वाट दिसतच नाही.

म्हणून दुसऱ्या टोकाने सुरुवात करायची ठरली. एक ओसीएस, एक हेलियम. मग दोन, मग तीन.

एकेक अणू मोजत

हे काम कॅनडात झालं. ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत जियान टँग आणि रॉबर्ट मॅकेलार अवरक्त बाजू सांभाळत होते, एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात युन्जी शू आणि वोल्फगांग येगर सूक्ष्मलहरींची. मॅकेलार यांची या विषयातली मुळं जुनी आहेत. हायड्रोजन आणि आर्गॉन यांच्या संकुलाचा अवरक्त वर्णपट त्यांनी वेल्श यांच्याबरोबर १९७१मध्येच प्रसिद्ध केला होता. त्या काळात थंड केलेल्या लांबलचक नळीत वायू भरून, आरशांनी प्रकाश पुन्हा पुन्हा फिरवून ही संकुलं शोधत.

अशी संकुलं जोडून धरणारा व्हॅन डर वाल्स बंध किती दुबळा, याची कल्पना येण्यासाठी आकडे पाहावेत. खोलीच्या तापमानाला रेणूंच्या धडपडीची ऊर्जा सुमारे २०० सेमी⁻¹ असते. ओसीएस आणि हेलियम यांची एक जोडी तोडायला २० सेमी⁻¹सुद्धा लागत नाहीत. साध्या हवेत असं संकुल जन्मतानाच मोडेल. त्यामुळे वायू एका बारीक छिद्रातून जोराच्या दाबाने पोकळीत सोडतात. तो पसरताना झपाट्याने गार होतो, रेणूंमधल्या टकरी थांबतात आणि जुळलेल्या जोड्या पोकळीत तशाच टिकतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आयसरमध्ये हायड्रोजन बंधांची संकुलं अभ्यासतात तीही अशाच झोतांत, फक्त तिथले रेणू मोठे आणि लेसरच्या पद्धती वेगळ्या. ओटावात झोत स्पंदनांत सोडला जायचा. ओसीएस अगदी नाममात्र, बाकी सगळं हेलियम. छिद्राचं तोंड मुद्दाम थंड केलेलं, म्हणजे जास्त अणू चिकटतील. आणि स्पंदनाच्या त्या क्षणभरात डायोड लेसर ठरलेल्या पट्ट्यातून झरझर फिरवून वर्णपट टिपायचा.

इथे एक शंका रास्त आहे. प्रकाशकण २०६२ सेमी⁻¹चा, बंध वीसपेक्षाही कमी. म्हणजे बंध तोडायला लागते त्याच्या शंभरपट ऊर्जा संकुलात एकदम शिरते. मग संकुल त्याच क्षणी फुटून रेषा पसरट का होत नाही? कारण ती ऊर्जा शिरते ओसीएसच्या आतल्या, वेगवान, ताठ कंपनात, आणि हेलियमशी असलेला बंध असतो मऊ आणि संथ. एकातून दुसऱ्यात ऊर्जा जायला वाटच अरुंद. तेवढ्या काळात रेणू कित्येक फेऱ्या मारून घेतो, आणि रेषा बारीक राहते. सगळ्या संकुलांचं असं नसतं. हायड्रोजन फ्लोराइडच्या जोडीत बंधात अडकलेल्या हायड्रोजनचं कंपन छेडलं की रेषा ठळकपणे रुंदावते आणि मोकळ्या टोकाचं छेडलं की त्या मानाने बारीकच राहते. एकाच संकुलात, जवळजवळ तेवढीच ऊर्जा घालून. दुर्बळ बंधांच्या अभ्यासात अवरक्त रेषेची रुंदी हे एक स्वतंत्र दालन आहे. ओसीएस आणि हेलियमच्या बाबतीत मात्र रुंदीने अडथळा आणला नाही, म्हणून रेषांच्या जागा अचूक वाचता आल्या.

खरी अडचण ओळख पटवण्याची होती. झोतात एका वेळी सगळ्या आकारांचे गुच्छ असतात. तीन अणूंचा, चारांचा, सातांचा. सगळ्यांच्या रेषा एकाच चिंचोळ्या पट्ट्यात. त्यातून हे गुच्छ इतके थंड, की बहुतेक सगळे फिरण्याच्या तळाच्या पायरीवर असतात. मग प्रत्येक गुच्छाची ठसठशीत रेषा मिळते ती जवळपास एकच, शून्यावरून एकवर जाण्याची. तिची जागा म्हणजे कंपनाचा मध्य (फिरणं न बदलता नुसत्या कंपनाची रेषा जिथे पडली असती ती जागा) अधिक घूर्णन स्थिरांकाची दुप्पट. अणू वाढतात तसे दोन्ही बदलतात. समीकरण एक, अज्ञातं दोन.

एडमंटनचं महत्त्व इथे आहे. सूक्ष्मलहरींत कंपन छेडलं जात नाही. शून्यावरून एकवर जाणारी रेषा थेट स्थिरांकाची दुप्पट सांगते. थेंबातल्या ओसीएसचा स्थिरांक घेतला तर ही रेषा ४.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडेल. पण नुसती सूक्ष्मलहर पाहून गुच्छात अणू किती ते कळत नाही, तिथे रेषा दूर दूर विखुरलेल्या, शोधायची कुठे हाही प्रश्न. अवरक्तात उलट. तिथे दाब वाढवत नेला की रेषा क्रमाने उगवतात, आधी लहान गुच्छांच्या, मग मोठ्या, त्यामुळे मोजणी लावता येते. दोन प्रयोगशाळांनी एकमेकींना रेषा सुचवायच्या आणि तपासायच्या. अवरक्तावरून अंदाज, त्या अंदाजाने सूक्ष्मलहरीत शोध, तिथे मिळालेल्या आकड्याने अवरक्तातली दुसरी फिकी रेषा कुठे असायला हवी याचं भाकीत. ती तिथे असली की क्रमांक पक्का. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडणारा भाग हाच. इथे कोणत्याही सिद्धान्ताचा आधार घ्यावा लागत नाही, बेरीज-वजाबाकी पुरते.

आठपर्यंत

दोन ते आठ हेलियम अणूंचे आकडे २००२मध्ये 'सायन्स'मध्येच आले. पहिली माहिती कंपनाच्या मध्याने दिली. पहिले पाच अणू जोडताना मध्य दर अणूमागे साधारण ०.१ सेमी⁻¹ वर सरकत गेला. पाचांनंतर दिशा फिरली आणि तो खाली येऊ लागला. थेंबात तर तो मोकळ्या रेणूपेक्षा ०.५६ सेमी⁻¹ने खालीच असतो. अर्थ सरळ आहे. पहिले पाच अणू एकसारख्या जागी, रेणूच्या कमरेभोवती कडं करून बसतात. कडं भरल्यावर पुढचे अणू वेगळ्या जागी, टोकांकडे जातात, आणि तिथून त्यांचा कंपनावरचा परिणाम उलटा होतो. कड्याची कल्पना वर हिशेबासाठी धरली होती, तिला इथे स्वतंत्र पुरावा मिळाला.

घूर्णन स्थिरांक मात्र आठपर्यंत घसरतच राहिला. साध्या, चिकट जोडणीत तेच व्हायला हवं, अणू वाढला की वजन वाढतं. पण या घसरणीत एक गोष्ट अशी होती की तिच्याकडे दुर्लक्ष करणं शक्य नव्हतं. आठपर्यंत येता येता स्थिरांक थेंबातल्या ०.०७३२च्याही खाली गेला होता. आठ अणूंचा गुच्छ हजारो अणूंच्या थेंबापेक्षा फिरायला जड! मग पुढे कुठेतरी वळण असलंच पाहिजे. अणू वाढवूनही रेणू हलका होत जाईल, असा एक टप्पा यायलाच हवा. नेहमीच्या यांत्रिकीत याला काही उत्तर नाही. वजन वाढवून जडत्व कमी होत नाही.

२००२मध्ये ते वळण दिसलेलं नव्हतं, फक्त अटळ झालं होतं. ट्रिएस्टच्या बारोनी, मोरोनी यांच्या गटाने संगणकावरच्या गणितातून पुढच्याच वर्षी तसं सांगितलंही. वळण प्रत्यक्ष दिसलं ते आधी दुसऱ्याच रेणूत. कॅनडातल्या त्याच चौघांनी २००३मध्ये नायट्रस ऑक्साइडभोवती बारापर्यंत हेलियम अणू जमवले. ओसीएससारखाच सरळ आणि बराच हलका असा हा रेणू. त्याचा स्थिरांक सहापर्यंत खाली आला आणि मग सरळ घसरत न जाता वरखाली हेलकावे घेऊ लागला. रेणूसंकुलापासून द्रवापर्यंतच्या वाटेवर काहीतरी बदलतं, ते कुठे बदलतं हे अणू मोजून दाखवलं गेलं ते या प्रयोगात.

नऊनंतर

ओसीएसची गोष्ट २००६मध्ये पूर्ण झाली. मॅकेलार, शू आणि येगर यांनी सूक्ष्मलहरीत ३९ अणूंपर्यंत आणि अवरक्तात ७२ अणूंपर्यंत मजल मारली. एकेका अणूच्या फरकाने ओळखलेले गुच्छ, बहात्तरपर्यंत. या मोजणीच्या मागची चिकाटी आकड्यांत दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. मोठ्या गुच्छांच्या शेजारशेजारच्या रेषा जवळजवळ एकमेकींना खेटून असतात, आणि त्यांतली एक जरी चुकून वगळली गेली तर पुढची सगळी गणती सरकते.

स्थिरांक नऊ अणूंना तळाला पोचतो. दहाव्यापासून चढू लागतो. म्हणजे दहावा अणू जोडल्यावर रेणू अधिक मोकळा फिरतो. चोवीसच्या आसपास तो एका शिखरावर येतो, मग पुन्हा उतरतो आणि छत्तीसच्या आसपास दरी गाठतो. सत्तेचाळीसला दुसरं शिखर, बासष्टला दुसरी दरी. थेंबाच्या किमतीकडे जाणारी वाट अशी हेलकावत जाते.

हे हेलकावे अनपेक्षित होते. एकदा अतिप्रवाहिता सुरू झाली की स्थिरांक शांतपणे थेंबाच्या किमतीला जाऊन टेकेल, अशी बहुतेकांची अटकळ होती. प्रत्यक्षात रेणूभोवती थर कसे भरतात त्याचा ठसा स्थिरांकावर उमटत राहतो. थर अर्धवट भरलेला असताना अणूंना जागा बदलायला वाव असतो. थर भरत आला की दाटी होते आणि जागांची अदलाबदल अवघड होते. सगळ्या चढउतारांचं स्पष्टीकरण एवढ्या एका वाक्यात बसत नाही, पण दिशा ती आहे.

मग नऊनंतर नेमकं काय घडतं? नऊपर्यंत कडं आणि टोकाचे अणू रेणूशी बऱ्याच अंशी बांधलेले असतात, आणि तो फिरतो तेव्हा तेही फिरतात. त्यापुढे कडं आणि टोकं यांच्यामधल्या जागा भरू लागतात, आणि अणूंना रेणूच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लांब साखळीने जागा बदलण्याची वाट खुली होते. बोसॉन असल्यामुळे कोणता अणू कुठे गेला याला अर्थ उरत नाही. रेणू फिरला तरी हेलियमच्या एकूण अवस्थेला त्याच्याबरोबर फिरायचं कारण नसतं. गणितात ही अदलाबदल बंद करून पाहता येते, म्हणजे हेलियमचे अणू एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात असं धरता येतं. तसं केलं की मोकळेपण नाहीसं होतं. माझ्या दृष्टीने सगळ्यात भक्कम दुवा हा आहे, कारण तो वर्णपटातलं वळण आणि बोसॉनचा स्वभाव यांना थेट जोडतो.

काय मिटलं, काय नाही

साठचा आकडा अतिप्रवाहितेची किमान गरज म्हणून टिकला नाही. नऊ-दहा अणूंपाशीच द्रवाचा तो स्वभाव डोकावू लागतो. गटिंगेनचा प्रयोग मात्र त्यामुळे चुकीचा ठरत नाही. हेलियम-३ आणि हेलियम-४ यांतला फरक त्यांनी दाखवला नसता, तर कॅनडातल्या वळणाला अतिप्रवाहितेशी जोडायला आधार कमी पडला असता. लहान गुच्छांत हेलियम-३ घालून तसंच वळण न आल्याचा प्रयोग हा या युक्तिवादाचा नैसर्गिक पुढचा भाग आहे, आणि हेलियम-३चा बंध आणखी दुबळा असल्यामुळे तो अवघडही आहे.

दहा अणूंच्या गुच्छाला 'अतिप्रवाही' म्हणावं का, यावर माझं मत सावध आहे. मोजलेलं आहे ते जडत्वाचं परिबल. प्रवाह मोजलेला नाही, घर्षण मोजलेलं नाही, तापमानाचा उंबरठा तर इतक्या लहान गुच्छात असूच शकत नाही. आंद्रोनिकाश्विलींच्या चकत्यांनी जे मोजलं, त्याच जातीची राशी रेणूने मोजली, एवढं निश्चित म्हणता येतं. ते पुरेसं आहे आणि त्याहून मोठा शब्द वापरायची गरज नाही. पहिल्या थरातला काही भाग बांधलेला असतो की सगळं हेलियम वाट देतं, या जुन्या वादातही एकेका अणूच्या आकड्यांमुळे भाषा बदलली. कोणतीही मांडणी आता नऊचा तळ आणि पुढचे हेलकावे, दोन्ही देऊ शकली पाहिजे. फक्त शेवटची एक किंमत जुळवून भागत नाही.

हीच पद्धत पुढे पॅराहायड्रोजनला, म्हणजे हायड्रोजन रेणूच्या एका प्रकाराला, लावली गेली. घाऊक हायड्रोजन सुमारे चौदा केल्विनला गोठतो, त्यामुळे तो अतिप्रवाही होईल अशा तापमानापर्यंत द्रवरूपात पोचतच नाही. लहान गुच्छ मात्र गोठण्यातून सुटू शकतात, आणि पॅराहायड्रोजनचा रेणूही बोसॉनच. हुई ली, ल रॉय, पिएर-निकोला रॉय आणि मॅकेलार यांनी २०१०मध्ये कार्बन डाय-ऑक्साइडभोवती पॅराहायड्रोजनचे रेणू एकेक करून जमवले आणि अवरक्त वर्णपटातून घूर्णन स्थिरांक काढला. ठराविक संख्यांना तो गणिताने सांगितल्याप्रमाणे वर गेला, आणि कोणत्या संख्येला किती, हे रेणूभोवतीची कडी कशी भरतात यावर ठरत होतं. कार्बन डाय-ऑक्साइडला द्विध्रुव नाही, त्यामुळे सूक्ष्मलहरींची मदत तिथे मिळणार नव्हती. क्रमांक लावण्याचं सगळं काम तिथे अवरक्त रेषांनाच करावं लागलं.